मामांच्या धाकट्यासाठी गाडी बोलवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही घाईत होतात आणि मागून मामांचा आवाज येत होता, म्हणून मी जास्त बोलले नाही. मला समजलं ते असं : धाकट्याची ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, सुटावी म्हणून मामांना कुणीतरी एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिलाय. ते लोक रात्री गाडी घेऊन येतात, चौघं मिळून पोराला उचलतात आणि सहा महिन्यांनी 'सुधारून' घरी आणून सोडतात. पैसे आगाऊ. आणि मी 'त्याच लाइनीत' असल्यामुळे हे केंद्र कसं आहे ते मी सांगावं.

केंद्र कसंही असो, गाडी बोलवू नका. का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मामांना वाचून दाखवा. खरं तर हे पत्र त्यांच्यासाठीच आहे, पण माझं ऐकायचं की नाही हे ते तुमच्या तोंडाकडे बघून ठरवणार, हे मला माहीत आहे.

माझं काम काय, हा विषय आपल्या घरात कधी नीट निघालाच नाही. आई, तू बचत गटात 'दवाखान्यात असते' एवढंच सांगतेस. मला त्याचा राग नाही, त्या उत्तराने पुढचे दहा प्रश्न वाचतात. पण मी दवाखान्यात नसते गं. सकाळी सातच्या सुमाराला मी रुळांच्या कडेला, पुलाखाली, बंदराकडच्या गोदामांच्या मागच्या गल्ल्यांत असते. आमच्या कागदांवर त्या जागांना 'हॉटस्पॉट' म्हणतात, पोरं 'अड्डा' म्हणतात. पाठीवर सॅक, त्यात नव्या सुया, स्पिरिटचे बोळे, ड्रेसिंगचं सामान, निरोध. हातात एक जाड प्लास्टिकचा डबा, वापरलेल्या सुया परत घ्यायला. सोबत पीअर असतो. म्हणजे एकेकाळी त्याच अड्ड्यावर बसणारा, आता आमच्याकडे काम करणारा माणूस. तो नसेल तर मला तिथे कुणी उभं करणार नाही. इतक्या सकाळी जायचं कारण असं, की रात्रीचा अंमल उतरलेला असतो, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू व्हायची असते आणि माणूस पैशाच्या मागे निघण्याआधी थोडा वेळ बोलू शकतो.

'सुया वाटतेस?' असं बाबा म्हणतील. हो, वाटते, आणि सरकारच्या कार्यक्रमातून वाटते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं, म्हणजे नाकोचं, हे काम आहे. नाकोच्या २०१७ च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के निघालं, आणि त्याच सुमाराला देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के होतं. एक सुई चौघांत फिरते म्हणून हे होतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की धोका कमी करण्यासाठी अशी साधनं देणं हा गुन्हा धरायचा नाही. तरी एखादा नवा हवालदार सॅक उघडायला लावतोच. मग ओळखपत्र दाखवायचं, साहेबांना फोन लावून द्यायचा, पुढे चालायचं.

पण सुई हे निमित्त आहे. माणूस सुईसाठी आपल्यासमोर येतो, रोज येतो, आणि कधीतरी पायाची जखम दाखवतो. मग त्याला आमच्या सेंटरवर आणायचं. तिथे आंघोळीला पाणी आहे, ड्रेसिंग होतं, कॅरम आहे, दुपारी दोन तास कुणी लाथ न मारता झोपता येतं. तिथून पुढे एचआयव्हीची तपासणी, काविळीची, थुंकीची. कुणाला आधार कार्ड काढून द्यायचं, कुणाला घरी फोन लावून द्यायचा. सगळ्यांत जास्त वेळ जातो सरकारी रुग्णालयाच्या रांगेत. चिठ्ठी लिहून 'जा दाखवून ये' म्हटलं तर माणूस पोचत नाही. गेटवरचा वॉचमन अडवतो, खिडकीवर पत्ता विचारतात, तो काय सांगणार? रांगेतली बाई नाकाला पदर लावते. तेवढ्यात टर्की चढते आणि तो निघून जातो. म्हणून आम्ही बरोबर जातो. माझ्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणाच्या, दोन वर्षांचं सार म्हणजे न चिडता रांगेत उभं राहणं, असं मी मैत्रिणींना सांगते. त्यांना तो विनोद वाटतो.

बायका कमी दिसतात. असतात, पण पुरुषांनी भरलेल्या सेंटरवर त्या येत नाहीत, आणि मूल असेल तर ते काढून घेतील या भीतीने नावही सांगत नाहीत. त्यांच्यापर्यंत आम्ही अजून धड पोचलेलोच नाही.

आता मामांसाठी एक गोष्ट सांगते. एक माणूस आहे, आपल्या जावळीकडचा. वाशी मार्केटला माथाडी होता. मामांसारखाच, कदाचित एकाच गाळ्यावर भेटलेही असतील. पहिल्यांदा माझं बोलणं ऐकून म्हणाला, 'आमच्याकडची दिसतीस.' नंतर कितीतरी दिवस सुया न्यायचा, बाकी अवाक्षर नाही. एकदा आपणहून विचारलं, 'ते छातीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात?' टीबी निघाला. ते औषध पुरं केलं. हिपॅटायटीस सी होता, त्याची बारा आठवड्यांची गोळ्यांची ट्रीटमेंट २०१८ पासून सरकारकडून फुकट मिळते, तीही घेतली, बरा झाला. गर्द मात्र सुटली, परत सुरू झाली, परत सुटली. सध्या रोज ओएसटीची गोळी घ्यायला येतो, पण बोनस हातात आला की चार दिवस गायब होतो. चार दिवसांनी परत येतो आणि आमच्याकडे कुणी त्याला 'तोंड घेऊन आलास का' विचारत नाही. तो जिवंत आहे याचं निम्मं कारण ते आहे, असं माझं मत आहे. सगळे असे परततात असं नाही. कधीकधी पोलीस फोन करतात, कारण सापडलेल्या माणसाच्या खिशात फक्त आमचं कार्ड असतं.

ओएसटी म्हणजे काय ते सांगते, कारण धाकट्यासाठी याचा विचार करावा लागेल. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी असते. नर्सच्या समोर, कुटून, जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तिथेच बसायचं. एका डोसावर साधारण दिवस निघतो. टर्की लागत नाही, किक बसत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. शंभरातले नव्वद नातेवाईक म्हणतात, 'एक नशा सोडवून दुसरी लावली.' मामाही म्हणतील. मी तुमच्या प्रेशरच्या गोळीचं उदाहरण दिलं असतं बाबा, पण ती तुम्ही वेळेवर घेत नाही असं आईकडून कळलंय, तेव्हा राहू दे. एवढंच सांगते की ज्याला रोज सकाळी पाचशे रुपये कुठून आणू हा प्रश्न पडत नाही, त्याला दुसरं काहीतरी सुचायला जागा होते. चोऱ्या थांबतात. मामींच्या पाटल्या गेल्या त्या या प्रश्नापायीच गेल्या, पोर मुळात चोर आहे म्हणून नव्हे.

तर गाडी. पहिली गोष्ट, कायद्याने असं उचलून नेता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. अशा केंद्राची सरकारदरबारी नोंदणी लागते, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय आणि कागद झाल्याशिवाय कुणाला मर्जीविरुद्ध दाखल करता येत नाही, आणि साखळीने बांधायला तर सरळ बंदी आहे. असल्या ठिकाणांहून सुटून आलेली माणसं मी बघितलीत. पाठीवरचे वळ बघितलेत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी, ती मामांना दोनदा वाचून दाखवा. सहा महिने नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. आधी जेवढी मात्रा सहज पचायची तेवढीच बाहेर आल्यावर घेतली तर श्वास बंद पडतो. सुटून आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे, मग माणूस तुरुंगातून आलेला असो की केंद्रातून. आणि ज्या बापाने रात्री चार माणसं घालून उचलायला लावलं, त्याला तो 'मला परत इच्छा होतेय' असं कधी सांगणार नाही. लपून घेणार, एकटा असताना घेणार.

गावात बोभाटा होईल म्हणून मामा हे करतायत, ते मला समजतं. पण त्यांचंच पोर असं निघालं असं काही नाही. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. अफूपासून झालेल्या नशांमुळे, म्हणजे गर्द वगैरे, ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक ७७ लाखांच्या आसपास निघाले. बंदी असलेल्या नशेच्या पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस वीसांत एक.

मग करायचं काय? आधी त्याच्याशी मला बोलू द्या. एकट्याशी, मामा शेजारी नकोत. तो किती घेतो, पन्नीवर ओढतो की सुई मारतो, शेवटची कधी घेतली, हे तो मला सांगेल, मामांना नाही. गोळ्या खातो का हेही विचारायचंय, कारण ही पोरं 'बटण' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू जोडीला असेल तर घरात कोंडून एकदम बंद करणं जिवावर बेततं, फिट येते. नुसत्या गर्दची टर्की भयंकर दिसते. जांभया, नाक-डोळे गळणं, उलट्या, जुलाब, पाय ओढतात, रात्र-रात्र झोप नाही. सहसा त्याने माणूस मरत नाही, पण ती औषधाशिवाय काढायला लावण्यात काही शहाणपणा नाही. गोठ्याच्या खोलीत कोंडलाय असं आई म्हणाली. कडी काढा. आणि सुया सापडल्या तर फेकाफेक करू नका, तो दुसऱ्याची वापरेल.

एक लक्षात ठेवा. ओठ निळे पडले, हाक मारून उठला नाही, घोरल्यासारखा आवाज येऊन श्वास मंद झाला, तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना खरं सांगा की गर्द घेतो. नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, त्याने असा माणूस परत येतो, पण खरं सांगितलं तरच ते देतील. मिठाचं पाणी टोचायचं हे खूळ अड्ड्यावर चालतं, ते करू देऊ नका.

पोलिसांची भीती मामांना असेल. १९८५ च्या नार्कोटिक्स कायद्यातच कलम ६४ अ आहे. नशा केली किंवा थोडासा माल सापडला म्हणून ज्याच्यावर केस आहे, तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. म्हणून दवाखान्यात जायला घाबरू नका.

साताऱ्याला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात आधी दाखवू. दाखल व्हायला तो स्वतः तयार झाला तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. लं.नी ज्याला पैसे दिले ते. मामांना पु. ल. म्हटलं की विश्वास बसेल. वाशीला मात्र परत पाठवू नका, तिथे त्याला गल्लीगल्लीतला माणूस ओळखतो. त्याआधी कुणाला काही विचारायचं असेल तर १४४४६ हा सरकारचा फुकटचा नंबर आहे. आणि धाकटा नाही म्हणाला तर नाही. मी परत विचारीन. महिन्याने परत. माझ्या कामात चिकाटी सोडून दुसरं भांडवल नसतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते, सोमवारची रजा टाकलीय. रविवारी त्याच्याशी बोलते, हो म्हणाला तर सोमवारी सिव्हिलला मीच त्याच्याबरोबर रांगेत उभी राहीन. मामांनी गाडी काढायची ती एवढ्यासाठी.

आई, तू तेवढी मामींकडे जा. सगळं गाव मामांशी बोलतंय, पोराशी कुणी बोलत नाही आणि मामींना तर सगळ्यांनी दोषीच धरलंय, 'लाडाने वाया घालवला' म्हणून. उपदेश काही करू नकोस, शेंगा फोडायला म्हणून जाऊन बस.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, त्या केंद्राचा नंबर आणि आगाऊ भरलेल्या पैशांची पावती असेल तर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यांची नोंदणी आहे का ते इथून बघते.