पत्रे सर्व्हरवरच राहू द्यावीत

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. नवा संगणक घरी आल्याचे आईने फोनवर सांगितले, तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर वाचनालयाच्या अनुदानाचा सहा वर्षांचा पत्रव्यवहारही गेला, याची रुखरुख मला अजून आहे, कारण तो मेल मीच जोडून दिला होता. बाबा, तुम्ही प्रत्येक महत्त्वाचे पत्र छापून निळ्या फायलीला लावत आलात, म्हणून हिशेब तपासणीच्या वेळी निभावले.

तेव्हा मी मेल जोडण्यासाठी पॉप ही पद्धत निवडली होती. तीत मेलचा प्रोग्राम सर्व्हरवरची, म्हणजे मेल पुरवणाऱ्यांच्या दूरच्या संगणकावरची, पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि तशी सूचना दिलेली असेल, तर सर्व्हरवरून काढून टाकतो. वाचनालयाच्या खात्याला जागा फार थोडी असल्यामुळे मी ती सूचना दिली, आणि त्यामुळे प्रत्येक पत्राची एकुलती एक प्रत तुमच्या टेबलावरच्या त्या यंत्रात राहिली. संगणकावर उतरलेले पत्र मोबाइलवर का सापडत नाही, असे तुम्ही अनेकदा विचारलेत. त्याचे कारण हेच होते.

या वेळी आयमॅप ही दुसरी पद्धत निवडायची. वाचनालयातला संदर्भग्रंथ जसा तिथेच बसून वाचायचा असतो, घरी न्यायचा नसतो, तसे आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि संगणक व मोबाइल हे दोघेही तेच पत्र दाखवतात. एका ठिकाणी वाचलेले दुसऱ्या ठिकाणी वाचलेलेच दिसते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आखली. आपल्यासारख्या, एकच खाते दोन-तीन यंत्रांवरून पाहणाऱ्या घराला तीच योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रोग्राम थंडरबर्डच घ्यावा. तो मोझिलाचा आहे, मोफत आहे आणि २००४ पासून चालत आला आहे. उघडल्यावर तो नाव, ईमेल पत्ता आणि पासवर्ड विचारेल आणि बाकीची माहिती स्वतः शोधू पाहील. वाचनालयाचे खाते त्याच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे @ च्या पुढे वाचनालयाचेच नाव असलेल्या पत्त्यावर, असल्यामुळे हा शोध फसण्याची शक्यता आहे. तसे झाले तर माहिती हाताने भरण्याचा पर्याय निवडावा. येणाऱ्या मेलसाठी प्रकार आयमॅप, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३ आणि सुरक्षा एसएसएल/टीएलएस (मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी सोय). जाणाऱ्या मेलसाठी, म्हणजे एसएमटीपीसाठी, पोर्ट ४६५ आणि सुरक्षा तीच. ४६५ चालले नाही, तर ५८७ घालून सुरक्षेत स्टार्टटीएलएस निवडावे. पोर्ट २५ मात्र घालू नये, कारण ते मुख्यतः सर्व्हरांच्या आपापसांतल्या देवघेवीसाठी असते आणि घरगुती इंटरनेटवर बहुधा बंद ठेवलेले असते. युजरनेमच्या जागी संपूर्ण ईमेल पत्ता लिहावा. @ च्या आधीचा तुकडा पुरत नाही. सर्व्हरचे नाव होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे वाचनालयाचे खाते पुरवणाऱ्यांनी, दिलेल्या कागदावर आहे, तो निळ्या फायलीत सुरुवातीलाच लावलेला आहे.

एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. जोडणी करताना सर्टिफिकेटविषयी, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राविषयी, इशारा देणारी चौकट आली, तर अपवाद मान्य करण्याचे बटण दाबू नये. आपण लिहिलेले सर्व्हरचे नाव आणि सर्टिफिकेटवरचे नाव जुळत नसेल, तर असा इशारा येतो. बहुतेक वेळा नाव लिहिताना झालेली चूक निघते, परंतु समोरचा सर्व्हर खरा आहे हे ठरवण्याची आपल्याजवळ तेवढीच खूण असते. अशा वेळी पडद्याचा फोटो काढून मला पाठवावा.

आई, तुझे जीमेल जोडणे सोपे आहे. पत्ता लिहिलास, की गूगलची स्वतःची खिडकी उघडेल, पासवर्ड तिथे द्यायचा आणि मोबाइलवर आलेल्या प्रश्नाला होकार द्यायचा. वैयक्तिक खात्यांसाठी प्रोग्रामला थेट पासवर्ड देण्याची जुनी सोय गूगलने मे २०२२ अखेर बंद केली, त्यामुळे त्या खिडकीला घाबरू नकोस.

आयमॅप आले म्हणून पत्रे कायमची सुरक्षित झाली, असे मात्र समजू नये. मोबाइलवर खोडलेले पत्र संगणकावरूनही जाते. म्हणून दर तीन महिन्यांनी अनुदानाची आणि धर्मादाय कार्यालयाची पत्रे निवडून उजवी कळ दाबावी आणि लोकल फोल्डर्समध्ये, म्हणजे थंडरबर्डच्या फक्त आपल्या संगणकावर असलेल्या कप्प्यांत, त्यांची प्रत करावी. तिथे ‘कॉपी’ निवडावे, ‘मूव्ह’ नव्हे. ‘मूव्ह’ केल्यास पत्र सर्व्हरवरून निघून पुन्हा एकट्या संगणकावर येईल आणि आपण होतो तिथेच परत जाऊ. त्या प्रतींची पेनड्राइव्हवर साठवण मी दिवाळीला आल्यावर करून देईन.

सगळे जोडून झाले, की बाबांनी वाचनालयाच्या खात्यातून आईला दोन ओळींचे पत्र पाठवावे आणि आईने त्याला उत्तर द्यावे. आईचे उत्तर संगणक आणि मोबाइल या दोन्हींवर दिसले, आणि बाबांचे पत्र मोबाइलवरच्या पाठवलेल्या पत्रांत सापडले, म्हणजे काम नीट झाले. रविवारी सकाळी नऊ वाजता मी फोन करीन, तोवर अडले तेथेच थांबावे.

तुमची,
ताई