खोक्यापेक्षा सांधा पाहा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला संग्राह्य खेळण्यांवरचा लेख वाचला. गाडीचा रोबो आणि रोबोची गाडी होणाऱ्या खेळण्यांना मराठी वर्तमानपत्रात पानभर जागा मिळाली, याचा आनंद आहेच. पण ‘सीलबंद असेल तर पूर्ण किंमत, उघडलं की निम्मी’ हा त्यातला ठोकताळा वाचून बडोद्यातलेच चार-सहा जण फसतील, म्हणून हे पत्र. इतर खेळणी खोक्यावरून जोखता येत असतीलही. रूप बदलणाऱ्या रोबोची किंमत मात्र त्याच्या सांध्यांत असते आणि सांधे खोक्यातून दिसत नाहीत.

सीलबंद नगाचाच धोका आधी सांगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे बऱ्याच वर्षांच्या मालात एक सोनेरी प्लॅस्टिक वापरलं गेलं. त्यात चमकीचे कण मिसळलेले असतात आणि रंग एकसारखा न दिसता दुधात केशर ढवळल्यासारखा भोवऱ्याभोवऱ्यांचा दिसतो. हे प्लॅस्टिक वयाबरोबर ठिसूळ होतं. वापरानं नव्हे, नुसत्या वयानं. खोकं कधीच उघडलेलं नसलं तरी पहिल्यांदा गुडघा वाकवताना तो शिळ्या बिस्किटासारखा चुरतो. असा सोनेरी भाग पिनेभोवती किंवा रॅचेटमध्ये (दात्यांच्या, ‘कट् कट्’ वाजत वळणाऱ्या सांध्यात) असेल, तर सील कितीही कोरं असो, तो नग फक्त बघण्यापुरता आहे असं धरूनच भाव करावा. दुसरं म्हणजे मऊ टायर. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं शेजारच्या कडक प्लॅस्टिकला लागून राहिलं की ते प्लॅस्टिक चिकट होऊन खचतं. हेही बंद खोक्यातच घडतं.

खेळण्यावर कोरलेला सन उत्पादनाचाच धरण्याचा घोटाळा लेखात आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ट्रान्सफॉर्मर्स हे रूप बदलणारे रोबो बाजारात आणले, ते जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या आधीच्या मालिकांतली खेळणी घेऊन. त्यामुळे १९८४ च्या अस्सल नगावर १९८० किंवा १९८२-८३ असा सन सापडतो. तो सन साच्याचा, उत्पादनाचा नव्हे. पुढे त्याच साच्यातून पुन्हा काढलेल्या नगावरही तो तसाच राहू शकतो. ‘बघा, ऐंशीचा माल’ असं विक्रेता म्हणाला तर मान डोलवावी आणि पाकीट खिशातच ठेवावं. बोटानं घासलं की उबेनं चेहरा उमटणारा चौकोनी स्टिकर १९८५ पासून आला. तो नाही म्हणून नग नकली ठरत नाही, आणि इतक्या वर्षांनी त्यातला चेहरा उमटला नाही तरी नवल नाही.

आता तपासणी. नग गाडीच्या रूपातच मागा. काचेच्या टेबलावर ठेवून चारही चाकं टेकतात का पाहा. एक अधांतरी राहिलं तर आत कुठला तरी पत्रा जागेवर बसलेला नाही किंवा बिजागरी वाकली आहे. मग टपाला दोन बोटांत धरून गाडी अलगद उचला. टप उघडून हातात आला तर खाचा झिजल्या आहेत. हा दोष फोटोत कधीच दिसत नाही, कारण फोटोसाठी गाडी कोणी उचलत नाही.

त्यानंतर सूचनापत्रक शेजारी ठेवून सावकाश रूप बदला. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. दहापैकी नऊ वेळा आधीची एखादी पायरी राहिलेली असते. बिजागरीच्या पिनेजवळ पांढुरका पट्टा दिसला तर तिथे ताण बसून प्लॅस्टिक फाटायला सुरुवात झाली आहे. गडद निळ्या-काळ्या रंगावर तो ठळक दिसतो, पांढऱ्या-करड्यावर लपतो. तिथे मोबाइलचा दिवा तिरका धरावा. पारदर्शक काचांच्या भागात पिना असतील तर तिथे सर्वात जास्त वेळ द्या. रंगीत एबीएसपेक्षा (खेळण्यांच्या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकपेक्षा) हे प्लॅस्टिक कडक असतं, वाकण्याआधी तडकतं, आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत सगळा टप त्याच एका तुकड्यावर लटकलेला असतो. (अशी रचना करणाऱ्यानं स्वतः एकदा तरी तो रोबो वळवून पाहिला असेल का, ही शंका आम्हाला नेहमी येते.)

रूप अर्धं बदललेलं असतानाच थांबा आणि रंग पाहा. गाडी असताना आत दडलेले आणि बाहेर राहिलेले पांढरे भाग आता शेजारी येतात. एक दुधासारखा आणि दुसरा जुन्या हस्तिदंतासारखा असेल तर नग उजेडात राहिला आहे. दोन्ही पांढरेशुभ्र, पण बाहेरचा खडूसारखा निस्तेज दिसत असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइडनं तो उजळवला असावा. ते पिवळेपण परत येऊ शकतं.

रोबो उभा राहिला की हातात त्याची बंदूक देऊन हात खांद्याच्या रेषेत आडवा करा आणि पाच मिनिटं सोडून द्या. साधा घर्षणाचा सांधा सैल असेल तर हात हळूहळू खाली येईल. रॅचेटचा असेल तर दोन्ही बाजूंच्या ‘कट्’ मोजा. उजव्या मांडीला सहा आणि डाव्या मांडीला चार, म्हणजे डावीकडचे दात गोल झाले आहेत. घर्षणाचा सैल सांधा घरी सुधारतो: सांध्यातला गोल बॉल खोबणीतून काढून त्यावर फेविक्विकचा पातळ हात द्यायचा, बाहेरच पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच बसवायचा. ओला बसवला तर सांधा कायमचा गेला. पारदर्शक भाग त्या वेळी जवळ नसावेत, त्या वाफेनं ते धुरकट होतात. नट पक्का करायचं द्रव स्क्रूवर घालू नका, एबीएस तडकतं. रॅचेटचे दात मात्र घरी भरून येत नाहीत.

आमचा भाव साधारण असा: सैल बॉलसाठी दहावा हिस्सा कमी, पिनेजवळच्या पांढऱ्या पट्ट्यासाठी तिसरा, गोल झालेल्या रॅचेटसाठी निम्मा. मऊ प्लॅस्टिकची वाकडी तलवार हा दोषच नव्हे. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ करायची आणि गार पाण्यात बुडवायची. सुटे भाग मात्र पत्रकातल्या चित्राशी एकेक करून जुळवा. जुन्या ऑप्टिमस प्राइमचे (ट्रक होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) दोन सुटे पंजे हमखास हरवलेले असतात, आणि ट्रेलर आहे म्हटलं की त्यातली रोलर ही छोटी गाडीही विचारावी.

नकली माल, म्हणजे ‘केओ’ (‘नॉक-ऑफ’चं लघुरूप), ओळखायला आधी स्क्रू-पिना पाहा. अस्सलमध्ये बहुधा पिनेची टोकं सपाटीला बसतात. नकलीत ती बऱ्याचदा बाहेर डोकावतात किंवा पिनेच्या जागी स्क्रू येतो. स्क्रूच्या खाचा चावलेल्या असतील तर नग आधी उघडला गेला आहे. कशासाठी, ते विचारा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, ते १४ वर्षांखालच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी. ते चिन्ह नग अस्सल असल्याचा दाखला नाही. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणून नवा कोरा ‘इम्पोर्टेड’ नग परदेशातल्या भावापेक्षाही स्वस्तात मिळत असेल तर वरची तपासणी दुप्पट वेळ करावी.

बडोद्यापुरतं एक. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यांत शिरलं, तेव्हा कपाटांच्या खालच्या फळ्यांवरची खेळणीही भिजली. धुऊन-पुसून ती आता विक्रीला दिसू शकतात. बाहेरून कळत नाही. पायाच्या तळव्यातले स्क्रू आणि क्षेपणास्त्राची स्प्रिंग पाहा, तिथे गंज असतो. आणि कोपर पूर्ण वाकवून पांढऱ्या कागदावर झटका, आतली वाळलेली गाळाची भुकटी पडते. खोकं शाबूत असेल तर आतल्या पुठ्ठ्याला कसर लागली आहे का तेही पाहून घ्या, नाहीतर ती तुमच्या पुस्तकांपर्यंत पोहोचेल.

आणि लेखासोबतच्या मोठ्या फोटोतल्या रोबोचा डावा हात कोपरापासून उलटा फिरलेला आहे. अंगठा बाहेरच्या बाजूला आलाय.

आपले,
काही खेळणी-संग्राहक
दांडिया बाजार, बडोदे