‘बिघडलं तर चूक तुमची नाही’

मॅडम,

आभाराचं पत्र उशिरा लिहितोय, कारण महिनाअखेर जाऊ द्यायची होती. नियम तुमचाच: महिनाअखेरचे रिपोर्ट निघेपर्यंत सॉफ्टवेअरची कुठलीही बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती ‘चालली’ म्हणायची नाही. परवा रिपोर्ट निघाले. चालली.

नवी आवृत्ती आमच्या मशीनवर चढवायला तुमच्या आधी जे आले होते त्यांची नावं घेत नाही. त्यांनी चाचणीसाठी मशीन निवडली ती आमच्याच आयटी विभागातली. सगळी नवी, एसएसडीची, १६ जीबी रॅमची. तिथे काय बिघडणार होतं? मग सोमवारी सकाळी दहाला एकदम ४०० मशीनवर सोडून दिलं. पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, १.२ जीबीचं, शाखेत ४० मशीन, इंटरनेटची लाइन २० एमबीपीएसची. म्हणजे ४८ जीबी, आणि लाइनवर दुसरं काहीही चालू नसेल तरी ५ तास २० मिनिटं. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो, पण कुणी केला नाही. तुम्ही प्रत्येक शाखेत एकाच मशीनवर पॅकेज उतरवलं आणि बाकीच्यांना तिथल्या तिथे लॅनवरून, म्हणजे शाखेच्या आतल्या नेटवर्कवरून दिलं. लाइनवरचा भार आठ मिनिटांत संपला.

इन्स्टॉलेशन संपलं की मशीन एक आकडा परत देतं, तो रिटर्न कोड. आधीच्यांच्या स्क्रिप्टला शून्य सोडून कुठलाही रिटर्न कोड म्हणजे अपयश वाटायचं. ३०१० म्हणजे काम झालंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोडं थांबा. खरी काळजी १६०३ ची, म्हणजे इन्स्टॉलेशन खरोखरच फसल्याची. हे न बघता बरी मशीनसुद्धा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल होत राहिली, आणि शेवटी खापर फुटलं वापरणाऱ्यांच्या डोक्यावर: ‘तुम्हीच मध्ये बंद केलं असेल.’

तुम्ही पहिल्या फेरीला आठच मशीन घेतली आणि तीही मुद्दाम अडचणीची. ४ जीबी रॅमचं, डिस्क काठोकाठ भरलेलं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावलेलं, बाहेरून व्हीपीएनवरून ऑफिसच्या नेटवर्कवर येणारा लॅपटॉप, आणि अकाउंट्समधलं ते मॅक्रोंनी गच्च भरलेल्या एक्सेलवालं. दुसऱ्या फेरीत ४० का, हे आम्हाला आधी कळलं नव्हतं. नुसतं अनइन्स्टॉल करून जुन्या आवृत्तीवर परत येता येत नाही, कारण बीटाने डेटा फाइलचा फॉरमॅट बदललेला असतो आणि जुनी आवृत्ती ती फाइल उघडत नाही. म्हणून आधी डेटाचा बॅकअप, मग परतीची रंगीत तालीम, तीही घड्याळ लावून. एका मशीनला २२ मिनिटं लागली. दोन माणसांनी ४० मशीन परत आणायची तर ७ तास २० मिनिटं, म्हणजे कामाचा एक दिवस. जितकी एका दिवसात मागे आणता येतील, तितकीच पुढे न्यायची. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली होती, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीनना फटका बसला होता, आणि त्यातल्या कितीतरी मशीनपाशी माणसाला स्वतः जाऊन बसावं लागलं. परतीचा हिशेब मशीनमागे माणसाच्या मिनिटांत का करायचा, ते तिथे दिसतं.

पण हे सगळं कुणीतरी शिकवलंही असतं. पत्र लिहावंसं वाटलं ते त्या पिवळ्या स्टिकरमुळे. आठही मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः फिरून ते चिकटवले: ‘या मशीनवर चाचणी आवृत्ती आहे. काही बिघडलं तर चूक तुमची नाही. १४ नंबर लावा.’

मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बीटातून हव्या असतात तक्रारी, आणि ज्याला बोलणी बसायची भीती आहे तो तक्रार करत नाही; मशीन बंद-चालू करतो आणि गप्प बसतो. तिसऱ्या दिवशी एंट्री करणाऱ्या काकूंचा १४ वर फोन आला: एंटर मारला की कर्सर दोन घरं पुढे जातो, नगाचा रकाना रिकामाच राहतो. लॉगमध्ये काही नाही, डॅशबोर्डवर सगळं हिरवं. आम्ही बसून बघितलं तर आमच्याकडे होईचना. मग काकूंचा हात बघितला. त्या नंबर पॅडचा एंटर मारतात. बीटा ती एक कळ दोनदा मोजत होता, आणि आमच्या विभागात तो एंटर कुणी वापरतच नाही. हे ४०० मशीनवर गेलं असतं तर रिकाम्या नगांची बिलं महिनाभर निघाली असती.

कामात हुशार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याची धास्ती आधी काढून टाकावी हे त्यातल्या थोड्यांनाच सुचतं, आणि त्यासाठी खाली वाकून स्टिकर चिकटवणारी तर फारच कमी.

एक तक्रार मात्र आहे. पक्की आवृत्ती गेल्यावर स्टिकर काढायला फिरलो. सात निघाले. आठवा काकू काढू देत नाहीत. चाचणी संपली हे दोनदा सांगून झालं. ‘असू दे’ म्हणतात.

आपले,
आयटी विभागातली सगळी मंडळी