धंदा लहान ठेवण्याचा हिशेब

महोदय,

धंदा वाढवला नाही की माणसात धमक नाही, असा शेरा लगेच मारला जातो. पण नवे सुचायला आणि सुचलेले करून बघायला लहान कारखान्यासारखी जागा नाही, हे तिथे काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

वहीच्या बांधणीचेच बघा. गिऱ्हाईक म्हणते, वही सपाट उघडत नाही. हे ऐकणारा आणि फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवणारा माणूस एकच असतो. तो पान वाकवून बघतो. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंचा रोख, कण्याला (वहीच्या शिवलेल्या कडेला) समांतर हवा, तो आडवा गेलेला असतो. त्यामुळे पान ताठ राहते, शिवाय खळीचा ओलावा लागून कागद कण्याच्या लांबीत फुगतो आणि तिथे लाटा पडतात. तो कागद फिरवून कापतो, १६ पानी फर्म्याऐवजी ८ पानी करतो आणि चार वह्या बांधतो. वही छान उघडते, पण फर्मे दुप्पट झाल्याने दोऱ्याचे वेढेही दुप्पट होतात आणि कणा फुगतो. मग बारीक दोरा लावून आणखी चार. दोन-तीन दिवसांत वहीचा नवा प्रकार हाती येतो, आणि बिघडल्या तर आठच वह्या बिघडतात.

मोठ्या ठिकाणी हीच तक्रार 'बांधणी सदोष' एवढीच होऊन वर पोचते. तोवर दहा हजार वह्यांचा कागद कापून तयार असतो. शिवाय माणसे वाढली की बोलणे किती वाढते पाहा: चौघांत ६ जोड्या होतात, बाराजणांत ६६.

अर्थात नुसते लहान राहून भागत नाही. हातात सतत कामच असेल तर प्रयोग कधी करणार? कामे अनियमित येत असतील, तर रांगेच्या साध्या गणिताप्रमाणे ८० टक्के वेळ भरलेला असताना कामाला स्वतःच्या वेळेच्या सरासरी चौपट थांबावे लागते. ९० टक्क्यांना नऊपट. म्हणून पाच दिवसांच्या आठवड्यात एक दिवस ऑर्डरचे काम ठेवूच नये. निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचे असेल, तर त्याच्याच आवडीचे नमुने निघत राहतात. कर्जावर घेतलेल्या मोठ्या मशीनचे तर विचारूच नका. हप्ता भरायचा म्हणून तोच तो माल काढावा लागतो. तेवढे काम आधी बाहेरून जॉबवर्कने करून घ्यावे, वर्षभर टिकले तरच मशीन.

आणि फसलेला नमुनाही फेकू नये. कागदाचे जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), ग्रेनची दिशा, दोरा, खळीचे प्रमाण आणि काय बिघडले, एवढे चिठ्ठीवर लिहून नमुन्यालाच बांधावे. नाहीतर एक माणूस सोडून गेला की सगळी अक्कल त्याच्याबरोबर जाते.

आपण उद्योजकांच्या मुलाखती छापता, त्यात उलाढाल हमखास विचारलेली असते. गेल्या वर्षी किती नवे नमुने केले आणि त्यातले किती बाद केले, हेही कृपया विचारावे.

— बांधणी व्यवसायातील एक वाचक