बाबा, बिअरसुद्धा नको

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "व्हिस्की सुटली, आता रविवारी फक्त बिअर." तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बिअर हलकी असते, हे डोक्यातून काढून टाका. पाच टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे अडीच स्मॉल पेगएवढं अल्कोहोल. वर बिअर आणि वाइनने गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढून जठरात आम्ल जोरात सुटतं, व्हिस्कीने तसं होत नाही. तुमची ॲसिडिटी तर जुनीच आहे.

पण माझा जीव अडकलाय तो तुमच्या स्वादुपिंडात. निरोगी स्वादुपिंड दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करतं. त्यातली प्रथिनं पचवणारी विकरं तिथे सुप्त असतात, लहान आतड्यात पोचल्यावरच जागी होतात. सततच्या दारूने हा रस घट्ट होतो आणि बारीक नळ्यांमध्ये प्रथिनांचे बोळे अडकतात. शिवाय दारूचं तिथेच ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ती मेदाम्लांशी जोडली जाऊन आणखी एक घातक पदार्थ बनतो. त्यांनी पेशी दुखावल्या की विकरं आतच जागी होतात आणि ज्या ग्रंथीने ती बनवली तिलाच पचवू लागतात. त्या रात्री तुम्ही उशी पोटाशी धरून, पुढे वाकून पलंगाच्या कडेला बसला होतात. कळ पार पाठीत जात होती. आई ओव्याने शेकत होती, आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं गॅसच आहे. सकाळी रक्ताच्या रिपोर्टमध्ये लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं चरबी पचवणारं विकर, नेहमीच्या कितीतरी पट आलं, तेव्हा कळलं की स्वादुपिंडाला सूज आलीय.

जेवणाआधी एक पेग पचनाला बरा, असं तुमचे मित्र सांगतात. त्यांचं ऐकू नका. एकदा सूज येऊन गेल्यावर पुन्हा पिणाऱ्याला ती पुन्हा येण्याचा धोका फार असतो. डॉक्टर "थेंबभरही नको" म्हणाले ते याचसाठी. सिगारेटही सोडा, तीही स्वादुपिंडाला वाईट.

आई, यात तुझं काही चुकलेलं नाही. तू पहारा देत बसू नकोस, मी बोलेन त्यांच्याशी. फक्त एक कर. शौचाला तेलकट, चिकट होतंय का, वजन उतरतंय का, हे त्यांना विचारत जा. चरबी पचवणारा रस कमी पडला की असं होतं, आणि त्यावर जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या मिळतात.

शनिवारी सकाळी पोचतोय. फाइल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून ठेवा, डॉक्टरांकडे तिघंही जाऊ.

तुमचा,
बाळू