ठकीच्या डॉक्टरबाईंना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर "गोळी वेळेवर द्या" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता यायचं नाही.

चवथीच्या सुमारास आमची मांजर ठकी न्हाणीतल्या बादलीला तोंड लावून बसायला लागली. पाणी पुरेना, तिच्या शी-शूची वाळू सतत ओली, पाठीवर हात फिरवला तर मणके मोजता यावेत. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथे तिला मानगुटीला धरून ओढून काढलं, टेबलावर दाबून ठेवलं आणि "पंधरा वर्षांची? मग आता काय तपासायचं? दुसरं पिल्लू पाळा" असं ऐकवलं. वजनसुद्धा केलं नाही. फी मात्र पूर्ण घेतली. घरातल्या म्हातारीला नेलं असतं तर असं बोलले असते का? बोललेही असते म्हणा.

फोंड्याला तुमच्याकडे आलो तेव्हा ती पिंजऱ्याच्या तळाला चिकटून गुरगुरत होती. मी हात घालणार तोच तुम्ही "राहू दे" म्हणालात. फरशीवर बसलात, पिंजऱ्याच्या कडेच्या खिट्ट्या एकेक करून काढल्यात आणि वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवलात. ती तशीच, आपल्या विटक्या टॉवेलवर. मग तिच्याकडे बघितलंतही नाही. बाहेर माणसं खोळंबलेली, आणि तुम्ही मला ती काय खाते, कुठे झोपते, कट्ट्यावर अजून उडी मारते का, असं विचारत बसलात. शेवटी तिनेच तुमच्या गुडघ्याला नाक लावलं, तेव्हा कुठे तुम्ही शेपटीला पट्टा गुंडाळून बीपी घेतलंत. भेदरलेल्या मांजराचं बीपी चढतं, रक्तातली साखरही वाढते, मग आकड्यांवर भरवसा काय ठेवायचा, हे तुम्ही अगदी सहज बोलून गेलात. म्हणजे तो नुसता लाड नव्हता, तपासणीच होती. पण खरं सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या खिट्ट्या काढताना.

मूत्रपिंडांचं निघालं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं दिसतं तोवर त्यांचं तीनचतुर्थांशाच्या आसपास काम गेलेलं असतं, म्हणून १० वर्षांनंतर वर्षातून दोनदा रक्त, लघवी, बीपी बघायचं, हे मला पहिल्यांदा कुणी तरी नीट सांगितलं. शेजारणीला तिच्या पिल्लाच्या लशींचंही तुम्हीच समजावलंत: ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करायच्या आणि १६ आठवड्यांचं होईपर्यंत मध्ये खंड पडू द्यायचा नाही. ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल द्यायची नाही, एका गोळीने मांजर दगावू शकतं, हे तर तुम्ही दोनदा बजावलंत.

आमच्या गावात म्हशीसाठी डॉक्टर बोलावला तर कुणी हसत नाही. मांजरासाठी रिक्षा केली की हसतात. तुम्ही हसला नाहीत. मुक्या जिवाशी अदबीने वागणारा माणूस त्याच्या धन्याशीही तसाच वागतो, असं मला तुमच्यामुळे वाटायला लागलंय. तुमचा कंपाउंडरसुद्धा ठकीला लाडाने 'बाय' म्हणून हाक मारतो!

आता कातडीखाली सलाईन घरीच देतो. हे बाटली धरतात, मी सुई टोचते, आणि ठकी आम्हा दोघांकडे तुच्छतेने बघते. वजन थोडं भरलंय.

तक्रार एकच, तीही सासूबाईंची. मूत्रपिंडांसाठी फॉस्फरस आवरायचा म्हणून तुम्ही ठकीचा बांगडा बंद केलात, तो त्यांना अजून पचलेला नाही. नुस्तं, म्हणजे मासळी, बंद करणारी डॉक्टर गोव्यात चालतेच कशी, असा त्यांचा सवाल आहे. पुढच्या तपासणीला त्या जातीने येणार आहेत. उत्तर तयार ठेवा.

तुमची,
ठकीची आई