पेपरच्या एका पानावर चार कोंबड्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की अंड्याचा भाव चढल्याची बातमी आपल्या पेपरात येते. घरची चार हजार पक्ष्यांची लेअर (अंड्याच्या कोंबड्यांची) पोल्ट्री होती तेव्हा नऊ वर्षं मी पेपर उघडून आधी तीच बातमी शोधायचो. शेकड्याचा भाव, मक्याचा भाव, सोयापेंडीचा भाव, सगळं त्यात असतं. कोंबडी मात्र कुठेच नसते. तिच्याविषयी दोन शब्द छापावेत म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या खानापूर तालुक्यात पावसाचा भरवसा नाही. विट्याच्या आसपास कितीतरी घरं या धंद्याने उभी राहिली. माझ्या दोन्ही मुली अंड्यांच्या पैशावर शिकल्या. त्यामुळे पोल्ट्रीवाल्याला कसाई म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण पिंजऱ्याविषयी बोलायलाच हवं, आणि ज्याने त्यात रोज हात घातला त्याने बोललेलं बरं.

आमच्याकडे पंधरा बाय बारा इंचाच्या एका कप्प्यात तीन कोंबड्या असत. सगळीकडे तेच माप होतं, म्हणून आम्हीही तेच घेतलं. एकीच्या वाट्याला साठ चौरस इंच, म्हणजे ३८७ चौरस सेंटिमीटर जागा. झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. हे पत्र आपण ज्या पानावर छापाल, तेवढ्या एका पानावर आम्ही चार कोंबड्या उभ्या केल्या होत्या. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, आत गेली की पंचाहत्तराव्या आठवड्याच्या सुमारास बाहेर निघायची, तीही थेट व्यापाऱ्याच्या गाडीत. मधल्या तेरा-चौदा महिन्यांत तिला एकदाही पूर्ण पंख पसरता येत नसत. पायाखाली उताराची तार, अंडं घरंगळून पुढे यावं म्हणून.

माझी आजी म्हणायची, कोंबडी अंड्याआधी आडोसा बघते. आमच्या जुन्या घरात ती कणगीमागे जाऊन बसायची, पाटीत भुसकट घालून दिलं तर त्यात बसायची. पिंजऱ्यातली कोंबडीही आडोसा शोधते. सकाळी अंड्याच्या वेळेला ती दोघींच्या अंगाखाली डोकं खुपसते, पुढे-मागे होते, आवाज काढते, आणि शेवटी उभ्या उभ्या तारेवरच अंडं टाकते. हे मी हजारो वेळा पाहिलं. दुपारी आणखी एक गोष्ट दिसायची, तिच्याकडे मी बरीच वर्षं लक्षच दिलं नव्हतं. एखादी कोंबडी त्या उघड्या तारेवर बसायची, पिसं फुलवायची, कूस घासायची, पंख झटकायची. खाली मातीचा कण नाही, पण ती धुळीत लोळत होती. मातीवर एकही दिवस न काढलेल्या कोंबडीलासुद्धा ते अंगातून येतं.

चोचीचं सांगतो. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना तापलेल्या पात्यावर तिचं टोक कापतात, कारण उकरायला काही नसलं की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ही पिंजऱ्यातली तीनशेच्या वर देते. टरफलाला लागणारं कॅल्शियम हाडांतून ओढलं जातं आणि हाडं ठिसूळ होतात. गाडी भरताना पाय धरून ओढलं की कट्ट आवाज यायचा. तो आवाज मी विसरलेलो नाही.

शेवटची बॅच गेली त्या रात्री एक कोंबडी गाडी भरणाऱ्याच्या हातून सुटली. सकाळी ती शेडमागच्या लिंबाखाली दिसली. नखं वाढून वळलेली, पाय टाकताच येईना. तशीच उभी राहिली. तासाभराने खाली बसली, मग मातीत चोच घातली, मग एका कुशीवर होऊन पंखांनी धूळ अंगावर घेऊ लागली. कुणी शिकवलेलं नाही. आई म्हणाली, "आंघोळ करतीया बघ." पुढे अकरा महिने ती आमच्या अंगणात होती.

खरं सांगायचं तर पोल्ट्री बंद पडली ती मक्याच्या भावाने, माझ्या दयेने नव्हे. पण बंद झाल्यावर मी कायदा मिळवून वाचला. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात म्हटलं आहे की, प्राण्याला हालचालीला पुरेसा वाव मिळणार नाही इतक्या कमी उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. माणूस सोडून प्रत्येक जीव या कायद्याने प्राणी आहे, म्हणजे कोंबडीही आली. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज डझनभर अंडी येत नाहीत.

२०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात कोंबड्यांचाच प्रश्न घेतला होता. त्यानंतर केंद्राने अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी जे नियम मांडले, त्यात एकीला ५५० चौरस सेंटिमीटर धरले आहेत. आमच्या पिंजऱ्यापेक्षा हे जास्त, कागदापेक्षा तरीही कमी. युरोपीय संघाने हाच ५५०चा आकडा २००३ पासून लागू केला आणि १ जानेवारी २०१२ पासून तसले नुसत्या तारेचे पिंजरेच बंद केले. तिथे मोठ्या पिंजऱ्यातसुद्धा आता ७५० चौरस सेंटिमीटर, अंडं घालायला आडोसा आणि बसायला दांडी द्यावी लागते. त्यांनी टाकून दिलेलं माप आपण नवं म्हणून का घ्यायचं?

आमच्या भागात बैलगाडा शर्यतीवरून केवढं वातावरण तापलं होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात शर्यती थांबवल्या, तेव्हा प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं सांगितली. आपल्या स्वभावाप्रमाणे वागता येणं हे त्यातलं एक. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य करून शर्यतींना वाट दिली. दोन्ही वेळा गावागावात चर्चा झाली. बैलाला आपण पोळ्याला पुरणपोळी चारतो, म्हणून त्याचं दुःख आपल्याला दिसतं. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली ५३ कोटींवर व्यावसायिक पोल्ट्रीतली. त्यांच्या स्वभावाविषयी कुठल्या पारावर बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

अंडं महाग होईल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गरिबाच्या पोराच्या ताटातलं ते सगळ्यात स्वस्त पौष्टिक अन्न आहे. म्हणूनच पिंजरा काढून तुसाच्या गादीवर कोंबड्या ठेवायच्या तर त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. तीन-चार हजार पक्ष्यांच्या छोट्या पोल्ट्रीवाल्याला शेड बदलायला सरकारने पैसे द्यावेत, मुदत द्यावी. नव्या पिंजऱ्यासाठी मात्र एक रुपयाही अनुदान वा सवलतीचं कर्ज देऊ नये. शाळा-अंगणवाड्यांसाठी अंडी खरेदी होईल तिथे गादीवरच्या अंड्याला जास्त भाव धरावा, म्हणजे शेतकऱ्याला हमी राहील.

तोवर निदान जो कायदा आहे तो तरी पाळला जावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा प्रत्येक पोल्ट्रीत जाऊन पिंजरा मोजावा आणि माप शेडच्या दारावर लिहावं. आमच्याकडे नऊ वर्षांत लस, मरतूक, बर्ड फ्लू यांची चौकशी करायला माणसं आली. पिंजऱ्याला टेप लावायला कुणी आलं नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. खानापूर, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये.)